‘नाइलाज की संधी?’ उद्योजकांची प्रेरणा एवढ्या प्रश्नावर मोजता येते का?

वारणाकाठ:
पीएच.डी.साठी इचलकरंजीतल्या लहान यंत्रमागधारकांची प्रश्नावली करतेय. ‘धंदा नाइलाजाने सुरू केलात की संधी दिसली म्हणून?’ असा एकच प्रश्न ठेवला होता. मार्गदर्शक म्हणतात, ही विभागणी मागे पडली. मग आता काय वापरतात? मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंड यांची संपादन प्रेरणा, म्हणजे काहीतरी उत्तम करून दाखवण्याची ओढ, घेऊ का?

खतावणी:
मार्गदर्शकांचं बरोबर आहे. ‘ग्लोबल आंत्रप्रनरशिप मॉनिटर’ या अनेक देशांत होणाऱ्या उद्योजकता सर्वेक्षणानेच २०१९ पासून चार स्वतंत्र विधानं घेतली: जगात काही बदल घडवणं, मोठी संपत्ती किंवा भरपूर उत्पन्न, घराण्याचा व्यवसाय पुढे नेणं, आणि नोकऱ्या कमी म्हणून पोटापाण्यासाठी. प्रत्येकावर वेगळी सहमती विचारतात, त्यामुळे एकाच माणसाचे दोन-तीन हेतू नोंदवता येतात. तुमच्याकडे हेच लागेल. वडिलांचे माग चालवणाऱ्याला नाइलाज आणि संधी यांतलं एक निवडायला लावलंत, तर वारसा कुठेच दिसणार नाही.

मात्र चौथं विधान जसंच्या तसं उचलू नका. त्यात ‘पोटापाण्यासाठी’ आणि ‘नोकऱ्या कमी’ अशा दोन गोष्टी एकत्र आहेत. पहिली पटली आणि दुसरी नाही, तर माणसाने उत्तर काय द्यायचं? दोन विधानं करा.

ताणाबाणा:
मॅक्लेलंड संदर्भासाठी जरूर घ्या. १९६४ मध्ये काकीनाड्याच्या व्यावसायिकांना दिलेलं प्रेरणा-प्रशिक्षण आपल्याकडच्या उद्योजकता प्रशिक्षणाच्या मुळाशी आहे. पण त्यांची मोजणी चित्रं दाखवून गोष्ट लिहून घेण्याची. तिचे गुण द्यायला किमान दोन प्रशिक्षित परीक्षक हवेत आणि त्यांचे गुण आपसांत जुळायला हवेत. एकट्याने हे करायला जाऊ नका.

नमुनानिवड:
याहून मोठी चूक नमुन्यात होते. फक्त मालकांना विचारलं की ‘स्वातंत्र्य हवं होतं’ हे बहुतेक जण म्हणतात. कार्टर, गार्टनर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेत उद्योग उभारू पाहणारे आणि इतर लोक यांची तुलना केली. स्वातंत्र्य, पैसा, आत्मविकास या कारणांत दोन्ही गटांत विशेष फरक निघाला नाही. म्हणून त्याच पेठेतले जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे), दिवाणजी असा नोकरदार गटही घ्या.

शिवाय वीस वर्षं माग चालवणारा आजच्या यशापयशावरून जुनं कारण सांगतो. शक्यतो साडेतीन वर्षांच्या आत सुरू झालेले कारखाने निवडा.

वारणाकाठ:
तेवढे नवे कारखाने मिळाले नाहीत तर?

नमुनानिवड:
मग जुने घ्या, पण सुरू केल्याचं वर्ष आणि त्याआधीच्या सहा महिन्यांत काय काम होतं, हे हेतूच्या विधानांआधी विचारा. बेकार होता की पगारी, ही माहिती मतापेक्षा जास्त भरवशाची.