'कॅमेरा घरी ठेवून या' म्हणणाऱ्या लीडरसाहेबांना

भिंगवाला

परवा एका ट्रेक लीडरची पोस्ट सगळीकडे फिरत होती. थोडक्यात अशी: 'ट्रेकला येताना कॅमेरा घरी ठेवा. ज्याला डोळे आहेत त्याला लेन्स लागत नाही. तुमच्यामुळे बॅच रखडते आणि तुमच्या फोटोंमुळे गडांवर जत्रा भरते.' खाली नुसता टाळ्यांचा कडकडाट. तिथे विरोधी कमेंट टिकत नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी रखडण्याचं बघू. पाचनईतून हरिश्चंद्रगड म्हणजे सगळ्यात सोपी वाट. सप्टेंबरात त्या वाटेवर कातळाच्या ओलीवर सीतेची आसवं, गेंद, मधूनच गवती दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती. या सगळ्यावरून बॅच दणादणा बूट आपटत जाते, कारण मंदिरापाशी पिठलं-भाकरी सांगून ठेवलेली असते. केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उतरून किंचाळ्या मारायला वेळ असतो. कोकणकड्यावर मात्र वीस मिनिटं, तीही भर दुपारी! कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे, तिथला उजेड खुलतो संध्याकाळी. तेव्हा बॅच बसमध्ये अंताक्षरी खेळत असते. आणि रात्री अकराची बस दादरहून पावणेएकला सुटते, ती काय माझ्या ट्रायपॉडमुळे?

आता 'डोळे आहेत त्याला'. दवबिंदूच्या पानावर चिकटलेली माशी उभ्याने दिसत नाही हो. गुडघे टेकावे लागतात, आणि मला गुडघे टेकायला कॅमेऱ्यानेच शिकवलं. इंग्रजांच्या काळात कर्नल साइक्सने कोकणकड्यावर इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, पाहिलं, हे प्रत्येक लीडर कड्यावर उभा राहून सांगतो. त्याने पाहिलं आणि लिहून ठेवलं, म्हणून सांगता येतं ना? नुसतं डोळे भरून पाहून खाली उतरला असता तर तुमच्या माहितीपत्रकात काय छापलं असतं?

डोंगरगडी

ती पोस्ट माझी नाही, पण मी असतो तर याहून कडक लिहिली असती.

मी बॅचेस नेतो. तुम्हाला एका फुलाची चिंता, मला पस्तीस माणसांची. हरिहर गडाच्या पायऱ्या बघितल्यात ना? जेमतेम एक माणूस मावेल एवढी रुंदी, जवळजवळ उभा चढ, खोबणीत बोटं घालून चढायचं. रविवारी वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच जिन्यावर. गेल्या पावसाळ्यात एका गृहस्थांनी बरोब्बर मध्यावर थांबून पाठ वळवली, कारण 'खालची रांग फ्रेममध्ये छान येतेय'. मागे एक मुलगी होती, तिचे पाय लटलटायला लागले. वरून चौघे उतरत होते. तो फोटो होईपर्यंतची मिनिटं मी कशी काढली ते मला ठाऊक. फोटो मात्र छान आला असणार, नक्की.

जुलै २०२४ मध्ये माणगावजवळ कुंभे धबधब्याच्या दरीत रील करताना एक तरुणी गेली. त्याआधी पंधरा-वीस दिवस भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले होते. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीहुकूम निघाले, ते कोणी भोगले? परवानग्या काढून, दोर घेऊन जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी. आणि तुम्ही उजेडाचं सांगताय.

भिंगवाला

भुशीत फोटोमुळे नाही, पाण्याचा लोंढा वाढल्यामुळे लोक गेले. दोन्ही एका पोत्यात घालू नका. हरिहरच्या जिन्यात थांबणारा मूर्ख आहे, मान्य, सही करून देतो. पण तो फोनवाला होता की कॅमेरावाला? रीलवाले वेगळे, आम्ही वेगळे. हरिश्चंद्रगडाच्या अवघड नळीच्या वाटेने चढताना माझा कॅमेरा सॅकमधून बाहेरसुद्धा येत नाही, कारण तिथे दोन्ही हात दगडाला लागतात. एवढी अक्कल कॅमेऱ्याबरोबर येते.

सदाशिवपेठकरीण

वा! म्हणजे सव्वा लाखाची लेन्स असली की निसर्गप्रेमी आणि बारा हजारांचा फोन असला की उपद्रवी. अक्कल कुठल्या दुकानात लेन्सबरोबर फुकट मिळते ते कळवा, आमच्या ह्यांनाही एक आणते.

कासला गेल्या खेपेला आखलेली वाट सोडून फुलांत पोटावर झोपलेले दोघे बघितले. दोघांच्याही गळ्यात तोफेएवढ्या लेन्स होत्या. खाली तेरडा चेचला गेला होता. रखवालदार शिट्टी वाजवून वाजवून दमला, तर त्यातला एक म्हणतो, 'आम्ही डॉक्युमेंटेशन करतोय'. फोनवाली पोरं बिचारी वाटेवर उभी राहून दात काढत होती. त्यांनी एक फूल तुडवलं नाही.

कुडाळकर

ताईंनी बरोबर नस धरली. पावसात एकदा आंबोलीला या आणि रात्री फिरा. मॅक्रोवाले, म्हणजे साप-बेडकांचे अगदी जवळून फोटो काढणारे, टोळीने येतात. चापडा साप झुडपात असतो, तिथे 'बॅकग्राउंड चांगला नाही', म्हणून काठीने उचलून शेवाळलेल्या फांदीवर ठेवायचा. तो हलला की परत ठेवायचा. बेडकाचंही तेच, आणि चार-चार टॉर्च अर्धा-अर्धा तास त्याच्या डोळ्यांत. मी मध्ये पडलो तर मलाच प्रश्न, 'तुम्ही फॉरेस्टचे का?' नाही हो, मी इथला. फोटोखाली परत लिहिणार: नैसर्गिक अधिवासात टिपलेला!

आणि पायाखाली काय आहे याचा पत्ता नाही. आंबोलीचा तो इवलासा टोड जगात फक्त इथल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, सापडतो, आणि तुमचे गमबूट त्याच सड्यावर नाचतात.

भिंगवाला

कुडाळकर, साप हलवणाऱ्यांचं समर्थन मी करणार नाही. अशांना स्पर्धांतून बाद करतात आणि करायलाच हवं. पण मूळ पोस्ट 'कॅमेरा घरी ठेवा' ही होती.

रानभूल

मूळ पोस्टमधलं तिसरं वाक्य सगळे विसरले: तुमच्या फोटोंमुळे जत्रा भरते. मला तेवढंच महत्त्वाचं वाटतं. खरा गुन्हा फोटो काढण्यात नाही, खाली ठिकाणाचं नाव टाकण्यात आहे. देवकुंडचं बघा. एके काळी भिरा-पाटणूसकडच्या लोकांपलीकडे ते किती जणांना ठाऊक होतं? निळ्या पाण्याचे फोटो फिरले, रांगा लागल्या, माणसं बुडाली, आणि आता दर पावसाळ्यात बंदी. मी स्वतः कधीही जागा सांगत नाही. फोटोखाली लिहितो, 'सह्याद्रीत कुठेतरी'. विचारणाऱ्याला सरळ नाही म्हणतो. ज्याला खरंच जायचंय तो नकाशा उघडून शोधेल.

बाळू_अकोले

नमस्कार मंडळी. भंडारदऱ्याच्या अंगाला आमचं गाव, घरी मुक्कामाची सोय करतो. 'सह्याद्रीत कुठेतरी' म्हणजे आमचं गाव असतं साहेब, त्याला नाव आहे.

एक किस्सा सांगतो. काजव्यांच्या दिवसांत एक पाहुणे तीन रात्री आमच्याकडं राहिले. कोणती सादडा-हिरड्याची झाडं रात्री कधी लखलखतात ते माझ्या वडलांनी अंधारात चालत नेऊन दाखवलं. त्या फोटोला पुढं बक्षीस मिळालं. मासिकात आला तेव्हा खाली काय? 'पश्चिम घाट'. अख्खा घाट! आमच्या म्हाताऱ्याचं राहू द्या, गावाचं नाव लिहायला किती शाई लागली असती?

रानभूल

बाळूभाऊ, ते पाहुणे चुकले. पण तुमच्याच भागात मे संपता संपता शनिवारी काय होतं ते तुम्हीच सांगा. गाड्यांचे हेडलाइट, मोठ्याने गाणी, झाडाखाली फ्लॅश. काजव्यांचे नर उजेड पाडून मादीला खुणावतात, तिच्या उत्तरावर सगळा संसार. तिथे तुम्ही हॅलोजनसारखा प्रकाश टाकलात तर कोण कोणाला दिसणार? नाव टाकल्यामुळेच झालं ना हे?

बाळू_अकोले

नाव टाकल्यामुळं नाही, खूण टाकल्यामुळं. तुमचेच कोणीतरी नकाशावरची खूण ग्रुपवर फिरवतात. मग रात्री दहाला गाडी थेट झाडाखाली. ना गावात चौकशी, ना वाटाड्या, ना कोणाच्या घरी जेवण. गावाचं नाव घेऊन येणारा आधी आमच्या ओट्यावर येतो. त्याला आम्ही गाड्या खालीच लावायला सांगतो, टॉर्चला लाल कागद लावून देतो, आणि बोलू नका म्हणून दम देतो. लपवून तुम्ही जंगल राखत नाही, फक्त आम्हाला मधून काढता.

रानभूल

हे जरा जास्त होतंय. मी जंगलाच्या भल्यासाठी बोलतो, तुम्ही धंद्यासाठी.

बाळू_अकोले

हो, धंद्यासाठी. अभयारण्य झाल्यापासून लाकूड तोडायचं नाही, गुरं कुठं चारायची त्याला नियम. मग पोरांनी मुंबईला वॉचमन व्हायचं का? तुम्ही शुक्रवारी येता, रविवारी जाता. जंगलाचं भलं सोमवार ते गुरुवार कोण बघतं?

सदाशिवपेठकरीण

घ्या. द्या आता उत्तर, मीही वाचायला बसलेय.

कुडाळकर

गुरांवरून सांगतो. कासला लोखंडी जाळी ठोकली, चराई थांबली, तर गवत माजलं आणि फुलं घटली अशी ओरड आजूबाजूच्या गावांनीच केली. शेवटी जाळी काढली. शहरातला माणूस फूल दिसलं की कुंपण घालायला बघतो. गुरं पिढ्यान्‌पिढ्या चरत होती तेव्हाही फुलं होतीच ना?

रानभूल

गुरं वेगळी आणि दिवसाला हजारो माणसं वेगळी. कासला ऑनलाइन नोंदणी आणि रोजची मर्यादा घालावी लागली ती गुरांमुळे नव्हे. आणि सगळे माझ्यावरच का घसरताय? मी तर एकही फूल तुडवलेलं नाही, एकही साप हलवलेला नाही, फक्त पत्ता सांगत नाही. माझ्या ओळखीच्या एका कड्यावर गिधाडं बसायची. एकाने ड्रोन उडवल्याची फीत टाकली, जागेच्या नावासकट. पुढच्या हिवाळ्यात तिथे तीन ड्रोन. आता गिधाडं नाहीत. यावर बोला.

बाळू_अकोले

यावर मी काय बोलणार. गिधाडाच्या घरट्याचा पत्ता देऊ नये, हे आम्हालाही कळतं. आमच्याकडं आग्या मोहळाचा कडासुद्धा कोणाला दाखवत नाही. पण काजवे म्हणजे घरटं नाही, आणि गाव तर नाहीच नाही.

डोंगरगडी

एक भर. काजव्यांचे जे फोटो बघून लोक येतात ते एका क्लिकचे नसतात. ट्रायपॉड लावून कितीतरी फ्रेम घ्यायच्या आणि घरी बसून एकावर एक रचायच्या. मग झाडाला काजव्यांची गोधडी पांघरल्यासारखं दिसतं. बॅचमधले लोक प्रत्यक्ष बघून मला विचारतात, 'एवढेच?' पैसे परत मागितलेत एकाने. समोर झाड लुकलुकतंय आणि हा गडी फोनवरचा फोटो उघडून दाखवतोय, 'असं पाहिजे'. आता सांगा भिंगवाला, डोळे कोणी शिकवले आणि कोणी बिघडवले?

भिंगवाला

रचलेला आहे असं फोटोखाली लिहायला हवं. हे तुम्ही बोललात म्हणून लिहायला जिवावर येतंय, पण लिहायला हवं. मी यापुढे लिहीन. आता तुम्हीही माहितीपत्रकावर 'हजारो काजव्यांचा महोत्सव' असं छापताना खाली कोणाचा तो रचलेला फोटो वापरता ते सांगा. गेल्या वर्षी माझाच वापरला होतात, न विचारता.

डोंगरगडी

तो डिझायनरने इंटरनेटवरून घेतला होता.

सदाशिवपेठकरीण

अहाहा! कॅमेरे घरी ठेवा आणि फोटो आम्हाला द्या.

डोंगरगडी

बरं बाई, जिंकलात. भिंगवाला, ऑक्टोबरात पाचनईहून मुक्कामाची बॅच काढतो, फक्त फोटोवाल्यांची, दहाच माणसं. कोकणकड्यावर संध्याकाळ आणि पहाट दोन्ही. कडेला जाताना सगळ्यांनी पालथं पडून सरपटायचं, ट्रायपॉड कठड्यापासून लांब, आणि माझी शिट्टी वाजली की उठायचं. इंद्रवज्राची हमी नाही. फी जास्त लागेल.

भिंगवाला

जास्त का?

डोंगरगडी

पस्तीसचं भाडं दहांत वाटून बघा.

रानभूल

माझ्यापुरतं सांगतो. काजव्यांच्या फोटोखाली गावाचं नाव टाकेन. नकाशावरची खूण टाकणार नाही, झाडाचा पत्ता देणार नाही. एवढ्यावर बाळूभाऊंचं समाधान होत असेल तर ठीक, नसेल तर राहू दे.

बाळू_अकोले

खूण नकोच आहे. वाटाड्याचा फोन नंबर टाका.

रानभूल

नंबर टाकला की उद्या लोक म्हणणार, याला कमिशन मिळतं.

बाळू_अकोले

काही लीडर माणसामागं घेतातच की आमच्याकडून. त्यांना कोण बोलतं?

डोंगरगडी

हे आता माझ्यावर कशाला?

बाळू_अकोले

तुमचं नाव घेतलं का मी?