पोकरमध्ये मदत हवी आहे: १२ ब्लाइंड, हातात एक्का-राणी, समोरून ऑल-इन. कॉल बरोबर की चूक?

वारजेकर_नि | शुक्रवार, रात्री ११:४८

आत्ताच बाहेर पडलोय. उद्या रात्री साडेनऊला पुन्हा बसायचंय, म्हणून लगेच विचारतोय.

ऑनलाइन टूर्नामेंट, होल्डम (प्रत्येकाला दोन पानं, मधली पाच सगळ्यांची). माझ्याकडे १२ बिग ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी लावायच्या मोठ्या सक्तीच्या बोलीच्या बारापट चिप्स. ती बोली या हाताला माझ्यावर, म्हणजे मी बिग ब्लाइंडवर. हातात एक्का-राणी, वेगवेगळ्या रंगाचे. सगळ्यांनी पानं टाकली, बटणावरचा (स्मॉल ब्लाइंडच्या लगेच आधीचा) थेट ऑल-इन, सगळ्या चिप्स मध्ये. स्मॉल ब्लाइंडनेही (छोटी सक्तीची बोली लावणाऱ्यानेही) टाकली. मी कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले. त्याने दाखवली किलवरची नव्वी-अठ्ठी! फ्लॉपवर (मधली पहिली तीन पानं) चौकटची नव्वी आली, तिथेच खेळ संपला. शेवटचं पान उघडेपर्यंत मी स्क्रीनकडे बघत बसलो होतो, राणी काही आली नाही.

असल्या पानांवर कोण सगळं लावतं? मी पुढे होतो ना? बॅचच्या ग्रुपवर मात्र सगळे मलाच 'काय गरज होती' म्हणतायत. मला फक्त एवढंच सांगा, कॉल बरोबर होता की नाही. उद्या पुन्हा हेच झालं तर काय करू?

नेटही अडकत होतं. निर्णयाला १५ सेकंद मिळतात, त्यातली पाच-सहा गोल फिरणारं चक्र बघण्यातच गेली.

पत्तेपिसारा | रात्री ११:५६

शंभर टक्के बरोबर. यात विचारण्यासारखं काहीच नाही, राव.

मी सगळीकडे एकच माप लावतो, एम. आपल्या चिप्स भागिले एका फेरीत टेबलावर फुकट जाणारे ब्लाइंड. १२ बिग ब्लाइंड म्हणजे एम आठ. इतक्या कमीवर दोनच चाली उरतात, सगळ्या चिप्स ढकला नाहीतर पानं टाका. आणि बटणावरून येणाऱ्या ऑल-इनला एक्का-राणी टाकणारा माणूस टूर्नामेंट कधी जिंकत नाही. अँटे (प्रत्येकाने हाताआधी टाकायच्या थोड्या चिप्स) होता का? असेल तर कॉल आणखी सोपा.

सदाशिव_पेठी | शनिवार, सकाळी ६:३५

तुमचं वय माहीत नाही, पण काळजीने लिहितो. पैसे लावून खेळले जाणारे सगळे ऑनलाइन खेळ ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंद केले आहेत. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेद त्या कायद्याने ठेवलेला नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. आपल्या ओळखीत एका मुलाने रमीच्या ॲपवर घरच्यांची एफडी मोडली होती. कृपया यातून बाहेर पडा.

वारजेकर_नि | सकाळी ७:१०

काका, पैसे नाहीत हो. इंजिनियरिंगच्या बॅचची लीग आहे. फुकटच्या चिप्स, खासगी टेबल. जिंकणाऱ्याला फिरता चषक मिळतो, एवढंच. त्यात कुणाची एफडी मोडत नाही. पण तो चषक तीन वर्षं बंगळुरूला जाऊन बसलाय आणि मला तो पुण्यात आणायचाय.

प्रश्नाचं उत्तर द्या ना कुणीतरी.

केबलवाला_सिंहगड_रोड | सकाळी ७:४२

राउटर कुठे ठेवलाय? टीव्हीच्या मागे असेल तर आधी बाहेर काढा. वाय-फायचे दोन बँड असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. लांबच्या खोलीत २.४ चालतो, पण तुमच्या सोसायटीत प्रत्येक घरात तोच चालू असणार, म्हणून अडकतं. त्याच खोलीत बसत असाल तर ५ लावा. सगळ्यात उत्तम म्हणजे लॅपटॉपला सरळ लॅन वायर. आणि लाइट गेली तर राउटरला छोटा यूपीएस हवाच, आमच्याकडे दर गुरुवारी जाते.

गणितवाली | सकाळी ९:०५

कॉल बरोबर की चूक हे या माहितीवर सांगता येत नाही. खालच्या गोष्टी सांगाल का?

किती जण उरले होते? कितव्या नंबरापर्यंत काही मिळतं, आणि पहिल्याला जास्त, शेवटच्याला कमी असं आहे की सगळ्यांना सारखं? बाकीच्यांकडे किती चिप्स होत्या? बटणावरच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त होत्या की कमी? आणि पुढच्या हाताला बिग ब्लाइंड कुणावर येणार होता?

वारजेकर_नि | सकाळी ९:२०

त्याने काय फरक पडतो? पानं तर तीच राहणार. एक्का-राणी एक्का-राणीच असते.

पत्तेपिसारा | सकाळी ९:३१

+१. उगाच गुंता करू नका. मी आठ वर्षं खेळतोय, एम पाहायचा आणि बटण दाबायचं.

गणितवाली | सकाळी ९:४४

फरक सगळा त्यानेच पडतो. एम तुम्हाला ब्लाइंड किती फेऱ्या पुरतील ते सांगतो. हरलात तर नेमकं काय गमावताय, ते तो सांगत नाही. मी दर शनिवारी मुलांना संभाव्यता शिकवते आणि दरवर्षी हीच चूक दिसते. मुलं शक्यता काढतात, पण कशाची किंमत मोजतोय ते लिहीतच नाहीत.

उगाच_शंका | सकाळी १०:१५

ॲपच फिक्स आहे. माझ्या एक्क्यांच्या जोड्या कायम फुटतात.

गणितवाली | सकाळी १०:२८

एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते आणि समोर कुठलीही दोन पानं असली तरी शंभरात पंधराच्या आसपास वेळा हरते. हरलेल्या लक्षात राहतात. वारजेकरांच्या हातात फ्लॉपआधी साधारण ६०-४० होतं, म्हणजे पाचात दोनदा हरणारच. त्यात काही काळंबेरं नाही.

रेसकोर्सवाले_काका | सकाळी ११:०२

या बाईंचं नीट ऐका. मी पोकर खेळत नाही, पण चाळीस वर्षं पावसाळ्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर जातोय आणि हे गणित मूळचं घोड्यांचंच आहे.

१९७३ मध्ये डेव्हिड हार्व्हिल नावाच्या माणसाने एक सूत्र मांडलं. प्रत्येक घोड्याची पहिला येण्याची शक्यता माहीत असेल, तर दुसरा-तिसरा कोण येईल ते कसं काढायचं? जिंकणारा घोडा यादीतून काढून टाकायचा आणि उरलेल्यांत त्यांच्या त्यांच्या वाट्याने पुन्हा वाटणी करायची. समजा तीन घोडे आहेत, शक्यता ५०, ३० आणि २०. पहिला घोडा जिंकला, तर उरलेल्या ५० मध्ये दुसऱ्याचा वाटा ३०, म्हणजे दुसऱ्या नंबरावर तो येण्याची शक्यता ६० टक्के. माझा भाचा पोकर खेळतो. त्याने सांगितलं की आम्ही घोड्याच्या जागी चिप्सचा ढीग ठेवतो आणि त्याला आयसीएम म्हणतो. मी त्याला म्हटलं, अरे हे तर मी रेसबुकाच्या समासात पेन्सिलीने करत आलोय.

पैसे लावायचे माझे दिवस गेले, आता घोडे बघायला जातो. पण प्लेसवर (पहिल्या काही नंबरांत येईल यावर) लावणारा आणि विनवर (पहिलाच येईल यावर) लावणारा एकाच घोड्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. तुमची टूर्नामेंट विनची होती की प्लेसची, तेवढं सांगा.

वारजेकर_नि | दुपारी १२:१७

बरं. हे सगळ्यांना माहीतच असतं असं धरून चाललो होतो.

२७ जणांनी प्रत्येकी ५,००० वर सुरुवात केली. काल पात्रता फेरी होती, पहिले सहा फायनलला जाणार. फायनलला सगळे नव्याने १०,००० वर सुरू करणार, त्यामुळे कालच्या चिप्स तिथे चालत नाहीत. उरलेल्यांसाठी आज दुसरी पात्रता फेरी, त्यातून आणखी सहा.

हात आला तेव्हा सात जण उरले होते. ब्लाइंड १,०००/२,०००. बटणावर ४१,०००, माझ्याकडे २४,०००. बाकीचे २७,५००, १९,०००, १५,०००, ५,५०० आणि ३,०००. तो ३,००० वाला माझ्या लगेच डावीकडे.

गणितवाली | दुपारी १२:५१

हे आधी सांगितलं असतंत तर एका ओळीत उत्तर होतं. पानं टाकायला हवी होती, आणि तेही खूप फरकाने.

फक्त चिप्स मोजल्या तर पत्तेपिसारा यांचं बरोबर आहे. अँटे धरत नाही, तुम्ही अजून सांगितलेला नाही. कॉलसाठी आणखी २२,००० घालायचे आणि ४९,००० चा पॉट जिंकायचा. म्हणजे शंभरात ४५ वेळा जिंकलात तरी भागतं. बटणावरून एवढा मोकळा ऑल-इन येत असेल तर एक्का-राणी त्याहून बऱ्याच वेळा जिंकते. साधी टूर्नामेंट असती तर मीही कॉल केला असता.

पण इथे सातातले सहा आत आहेत आणि सहाही जणांना सारखंच मिळणार आहे. ४९,००० घेऊन पोचलात काय आणि ५०० घेऊन पोचलात काय, फायनलला १०,०००च. आता पानं टाकली असती तर बघा. तुमच्याकडे २२,००० उरले असते. पुढच्याच हाताला त्या ३,००० वाल्यावर बिग ब्लाइंड, म्हणजे २,००० आपोआप आत आणि हातात १,०००. त्याच्यापाठोपाठ ५,५०० वाला कधीतरी अडकणारच. तुम्ही फक्त बसून राहिला असतात तरी माझ्या अंदाजाने शंभरात पंच्याण्णव वेळा पोचला असतात.

म्हणजे कॉल परवडायला तुम्ही पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त वेळा जिंकायला हवं. तेवढं एक्क्यांची जोडीही जिंकत नाही. आणि जिंकला असतात तरी तो बाहेर गेला नसता, त्याच्याकडे १७,००० उरले असते. सात जण सातच राहिले असते.

त्याच्या नव्वी-अठ्ठीला नावं ठेवू नका. तो हरला असता तरी १७,००० वर उभा होता, तुम्ही हरलात तर शून्यावर. एकाच हातात दोघांनी वेगवेगळी किंमत लावली होती, आणि तुम्ही टाकाल या भरवशावर तो ढकलत होता.

पत्तेपिसारा | दुपारी १:२०

सॅटेलाइटसारखी (बक्षीस म्हणजे पुढच्या स्पर्धेतली जागा) रचना आहे हे आधी कुठे सांगितलं होतं? मग माझा हिशोब वेगळा असता, हे मान्य. पण एक्क्यांची जोडी टाकायची हे मला पटत नाही. जन्मात पुन्हा कधी येईल अशी वाट बघतो आपण.

गणितवाली | दुपारी १:३४

२२१ हातांत एकदा येईल. जागा मात्र आजच्या आज मिळते आहे. सॅटेलाइट म्हणजे काय ते ख्रिस मनीमेकरने २००३ मध्ये दाखवलं. ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून जागा मिळवली आणि लास व्हेगासला जाऊन जागतिक स्पर्धेचा मुख्य सामना जिंकला, २५ लाख डॉलर. सॅटेलाइटमध्ये त्याला फक्त जागा हवी होती. खरा खेळ पुढे होता.

ब्रिज_भागीदार | दुपारी ३:०८

एवढी बुद्धी लावता आहात तर ब्रिज का खेळत नाही? दोन्ही टेबलांवर तीच पानं जातात, त्यामुळे नशिबाचा भाग जवळजवळ निघून जातो. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला ब्रिजचं सुवर्ण मिळवून दिलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. आमच्या इथे प्रभात रोडला बुधवारी चार जण जमतो, एक जागा रिकामी आहे.

सदाशिव_पेठी | दुपारी ३:४०

पैसे नाहीत हे वाचून बरं वाटलं. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटलं होतं, तरी घरं बुडायची थांबली नाहीत. तुमच्या चषकाला माझ्या शुभेच्छा.

वारजेकर_नि | रात्री ११:३६

पोचलो फायनलला!

सात उरले, ब्लाइंड तेच. माझ्याकडे १८,०००, दोन जण ४,००० च्या खाली. मला बटणाच्या अलीकडे गुलामांची जोडी आली. पुढून २६,००० वाल्याचा ऑल-इन. घड्याळ पंधरावरून उतरत होतं, मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि प्रत्येकाच्या चिप्स मोठ्याने वाचल्या. आई आतून विचारत होती कुणाशी बोलतोयस. तीन सेकंद राहिली असताना गुलाम टाकले. बोटं गार पडली होती. तिसऱ्या हाताला एक छोटा बाहेर गेला आणि पडद्यावर सहा नावं आली.

त्याने नंतर चॅटवर पानं सांगितली. राजा-दश्शी होती. मी पुढे होतो. काल असतो तर रात्रभर जळफळाट केला असता.

केबलवाले दादा, लॅन वायर टाकली, एकदाही अडकलं नाही.

गणितवाली ताई, उद्या फायनल. १२ जण, पहिल्यालाच चषक, दुसऱ्यापासून कुणाला काहीच नाही. तिथेही गुलाम टाकायचे का?

गणितवाली | रात्री ११:५२

अजिबात नाही. सगळं पहिल्यालाच मिळणार असेल तर दुसरा आणि बारावा सारखेच. काकांच्या भाषेत, काल प्लेस होती, उद्या विन आहे. तिथे प्रत्येक चिपची किंमत सारखी, दुपटीने चिप्स म्हणजे दुपटीने शक्यता. जागा टिकवण्यासाठी एकही हात सोडू नका. त्याच एक्का-राणीला, त्याच ऑल-इनला उद्या मी कॉल करेन.

पत्तेपिसारा | रात्री ११:५८

आता माझं माप वापर. दहा ब्लाइंडच्या खाली आलास की वाट बघू नकोस, बटणावरून आधी तूच ढकल. ब्लाइंड किती मिनिटांनी वाढतात?

वारजेकर_नि | रविवार, रात्री १२:०४

आठ मिनिटं. सुरुवात २५/५० पासून.

पत्तेपिसारा | रात्री १२:०६

आणि अँटे? परवापासून विचारतोय.