ब्लूग्रास डोंगरातून आले की रेडिओच्या मंचावर घडले?

पाचवी तार :
काल 'डोंगरवाट' यांनी लिहिले की ब्लूग्रास हे बँजो, फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन) आणि मँडोलिनवरचे अमेरिकी संगीत म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या वसाहतकारांनी अ‍ॅपलेशियन या पूर्व अमेरिकेतल्या डोंगरांत दोनशे वर्षे जसेच्या तसे जपलेले संगीत, आणि मँडोलिनवादक बिल मनरो व त्यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडने ते फक्त खाली आणून लोकांपुढे ठेवले. मी अकरा वर्षे उत्तर कॅरोलिनात राहते आणि त्यांतली सहा वर्षे बँजो शिकते आहे. हे वाक्य वाचून मला गप्प बसवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मुळात मनरो त्या डोंगरांतले नव्हतेच. त्यांचे रोझिन हे गाव पश्चिम केंटकीतल्या ओहायो काउंटीत आहे. तिथे बुटक्या टेकड्या, शेती आणि कोळशाच्या खाणी आहेत, आणि अ‍ॅपलेशियन रांगा तिथून बऱ्याच पूर्वेला आहेत. लेक्सिंग्टनभोवतालच्या ज्या मुलखाला खरोखर ब्लूग्रास म्हणतात, त्यातही हे गाव येत नाही. बँडचे नाव केंटकी राज्याच्या 'ब्लूग्रास स्टेट' या टोपणनावावरून घेतलेले आहे. आईवडील लवकर गेल्यावर मनरो त्यांचे मामा पेन व्हँडिव्हर यांच्याकडे राहिले आणि नाचाच्या कार्यक्रमांत मामांच्या फिडलला साथ करू लागले. त्याच पंचक्रोशीत आर्नल्ड शुल्ट्झ हे कृष्णवर्णीय वादक होते. त्यांच्याबरोबरही मनरो नाचाच्या कार्यक्रमांत वाजवत, आणि त्यांचे ऋण मनरोंनी पुढे उघडपणे मान्य केले. त्यानंतर १९२९ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते इंडियानातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपे हलवायला गेले. ही डोंगरात कोंडून राहिलेल्या माणसाची कहाणी नव्हे.

१९३९ मध्ये ते नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ-कार्यक्रमात आले, तेव्हा बँडमध्ये बँजो नव्हता; तो १९४२ मध्ये आला, आणि पुढे काही वर्षे अकॉर्डियनही होता. आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो नाद डिसेंबर १९४५ मध्ये बँजोवादक अर्ल स्क्रग्ज आल्यावर जुळला. मनरो केंटकीचे, गिटारवर लेस्टर फ्लॅट टेनेसीचे, स्क्रग्ज उत्तर कॅरोलिनाचे, फिडलवर चबी वाइज आणि बासवर हॉवर्ड वॉट्स हे दोघे फ्लोरिडाचे. चार राज्यांतल्या या पाच जणांनी सप्टेंबर १९४६ मध्ये शिकागोच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले. या सगळ्यात 'जसेच्या तसे' काय उरते?

डोंगरवाट :
तारखा मला माहीत आहेत. मात्र तारखांनी आवाजाचा उगम कळतो, हे मला मान्य नाही.

मी नैऋत्य व्हर्जिनियाच्या कोळसापट्ट्यात चार वर्षे डॉक्टर म्हणून काम केले. फुप्फुसांत खाणीची धूळ साठलेले एक वृद्ध रुग्ण वारले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी मला अंत्यविधीला बोलावले. ते प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट पंथाचे होते, त्यामुळे प्रार्थनाघरात एकही वाद्य नव्हते. एका माणसाने स्तोत्राची ओळ झपाट्याने उच्चारली आणि सगळ्या जमावाने ती इतक्या सावकाश, इतक्या वळणांनी गायली की आपल्याकडच्या एखाद्या आळवणीची आठवण व्हावी. त्यानंतर मी ब्लूग्रास गायक राल्फ स्टॅन्ली यांचे गाणे ऐकले, तेव्हा त्या आवाजाचे घर मी पाहिलेले होते.

स्टॅन्ली बंधू डिकन्सन काउंटीचे, म्हणजे अस्सल डोंगरातले. राल्फ यांनी जुन्या, वरून खाली नखाने मारण्याच्या पद्धतीचा बँजो आईकडून शिकला. डुकराचे पिल्लू हवे की बँजो, असे आईने विचारले, दोन्हींची किंमत पाच डॉलर होती, आणि त्यांनी बँजो घेतला. हा वारसा नसेल तर वारसा कशाला म्हणायचे?

पाचवी तार :
स्टॅन्लींचा वारसा मी नाकारत नाही. परंतु मनरोंनी १९४७ मध्ये मुद्रित केलेले एक गाणे बाजारात येण्याआधीच स्टॅन्ली बंधूंनी १९४८ मध्ये त्याची स्वतःची तबकडी काढली, आणि तीही थेट ब्लू ग्रास बॉइजच्या ढंगात, हे आपण गाळलेत. मनरो त्यावर संतापले होते. डोंगरातल्या भावांनी हा ढंग नॅशव्हिलच्या रेडिओवरून उचलला. आपण सांगता त्याच्या नेमका उलटा हा प्रवास आहे.

वरातीतला :
मी साताऱ्याचा आहे, आणि आमच्याकडे बँजो म्हणजे वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा, टाइपरायटरसारख्या कळांचा बुलबुलतरंग. त्याचे मूळ जपानी वाद्यात आहे, हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी समजले. त्याआधी कोणी त्याला परके म्हटले असते, तर मी भांडलो असतो. म्हणून विचारतो, हा पाच तारांचा बँजो तरी स्कॉटलंडचा आहे का?

पाचवी तार :
नाही. तो गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचा आहे. भोपळा, वर ताणलेले कातडे आणि अंगठ्याने छेडायची आखूड तार (आजची पाचवी तार ती हीच) ही ठेवण पश्चिम आफ्रिकेच्या सेनेगाम्बियातल्या आकोंटिंगसारख्या वाद्यांत आजही दिसते. थॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात, अठराव्या शतकातच, कृष्णवर्णीयांनी हे वाद्य आफ्रिकेतून आणल्याचे नोंदवले आहे.

डोंगरवाट :
हल्ली कोणत्याही चर्चेत हा मुद्दा आणला की समोरच्याने मान खाली घालायची, अशी अपेक्षा असते. फिडलच्या चाली समुद्रापलीकडून आल्या, हे खरे नाही का? आणि बँजोची पाचवी तार जोएल स्वीनी या गोऱ्या व्हर्जिनियन वादकाने लावली, असे मी तिथल्या जाणत्यांकडूनच ऐकले आहे.

पाचवी तार :
ते जाणते असतील, पण ही दंतकथा आहे. स्वीनींनी १८३० च्या दशकात बँजो गोऱ्या प्रेक्षकांपुढे लोकप्रिय केला, एवढेच खरे. त्यांच्या जन्माआधीच्या, दक्षिण कॅरोलिनातल्या मळ्यावरच्या एका चित्रात कृष्णवर्णीय वादकाच्या हाती आखूड तारेचा बँजो स्पष्ट दिसतो. मी हे टोपणनाव त्याच तारेवरून घेतले आहे, त्यामुळे या बाबतीत मला सौम्यपणे बोलता येत नाही.

नोंदवही :
तुम्ही दोघेही 'परंपरा' हा शब्द फार सहज वापरत आहात, आणि माझा राग नेमका त्यावर आहे. मी मुंबईत एका ध्वनिमुद्रण कंपनीत नोंदी ठेवण्याचे काम केले. गावाकडून आलेल्या बाई समोर बसून गात, त्यांनी स्वतः रचलेले कडवे मी कानांनी ऐके, आणि वेष्टनावर छापायला सांगितले जाई, 'पारंपरिक'. त्या बाईंचे नाव कुठेच येत नसे. अमेरिकेत निराळे काय झाले? 'कार्टर फॅमिली' या गायनसंचाचे ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला फिरले, तेव्हा चाली लक्षात ठेवण्याचे काम त्यांच्याबरोबरचे कृष्णवर्णीय गिटारवादक लेस्ली रिडल करत असत. गाण्यांवर नाव कार्टर यांचे लागले. कंपन्यांनी तर गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या तबकड्यांच्या याद्याच वेगळ्या ठेवल्या, आणि मग गाणीही दोन निरनिराळ्या रक्तांची आहेत असे लोकांना वाटू लागले. डॉक्टर, तुमचे 'दोनशे वर्षांचे शुद्ध संगीत' त्या याद्यांतून आले आहे.

डोंगरवाट :
हे अन्यायाचे आहे. ज्यांच्या छातीतला घरघराट मी चार वर्षे ऐकला, त्या माणसांना बाहेरच्या जगाने अडाणी म्हणून हिणवले. त्यांच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे एवढे एकच उरले असताना, तेही तुमचे नव्हे, ते रेडिओचे, ते दुसऱ्यांचे, असे आपण सुखवस्तू माणसांनी त्यांना सांगावे, याने मला त्रास होतो. माझी पोस्ट त्यातून आली होती.

वरातीतला :
डॉक्टर, बुलबुलतरंग जपानी निघाला म्हणून आमच्या आळीतली वरात आमची राहिली नाही, असे झाले नाही. मला वाटते, त्या लोकांनाही तसेच सांगता येईल.

पाचवी तार :
डॉक्टरांचा त्रास मला समजतो, आणि तो मी आधी लक्षात घ्यायला हवा होता. तरी मुद्दा सोडत नाही. स्क्रग्ज शेल्बीच्या सूतगिरणीत काम करत होते, आणि ते ज्यासाठी ओळखले जातात ती बँजोची तीन बोटांची पद्धत त्याच गिरण्यांच्या पट्ट्यात स्नफी जेंकिन्ससारखे वादक आधीपासून वाजवत होते. कष्टकऱ्यांचे संगीत म्हणायचे असेल, तर खाणीइतकीच गिरणीही म्हणा.

डोंगरवाट :
मनरोंविषयी 'जसेच्या तसे' हे शब्द मी मागे घेतो, आणि बँजोच्या पाचव्या तारेबद्दलचे माझे बोलणेही. स्टॅन्लींविषयी घेणार नाही. ढंग त्यांनी रेडिओवरून उचलला असेल, पण तो गळा प्रार्थनाघरातला आहे, आणि तो रेडिओवर शिकता येत नाही. शुल्ट्झ यांचे एखादे ध्वनिमुद्रण असेल तर सांगा, मला ऐकायचे आहे.

पाचवी तार :
एकही नाही. १९३१ मध्ये ते वारले, आणि तोवर त्यांना कोणी स्टुडिओत नेले नव्हते. मनरोंचे मँडोलिन ब्लूजकडे झुकते, तिथे मी कान देऊन बसते. माझ्याजवळ शुल्ट्झ यांचे तेवढेच आहे.