शेतकऱ्याला तंत्रज्ञान कळत नाही, असे आपण नेमके कशाच्या आधारावर म्हणतो?

मूळ धागा : कापूस उत्पादक, राळेगाव तालुका

मागच्या आठवड्यात गावातल्या एका बैठकीत हे वाक्य पुन्हा ऐकले. सांगणारे सांगत होते आणि समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक त्याच वेळी मोबाईलवर हिंगणघाट बाजार समितीतले कापसाचे भाव पाहत होते.

माझे म्हणणे असे की, आपण दोन निराळ्या गोष्टींना एकच नाव देऊन बसलो आहोत. भाव, पावसाचा अंदाज, बोंडअळीवरचा व्हिडिओ ही शेतकरी स्वतःहून शोधतो ती माहिती. ती शोधायला त्याला कोणी शिकवले नाही. ई-पीक पाहणी (आपल्या पिकाची नोंद मोबाईल अ‍ॅपवरून स्वतः करणे), ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे), शेतकरी ओळख क्रमांक ही त्याच्याकडून मागितली जाणारी माहिती, आणि अडखळतो तो इथे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. ऐन डवरणी-फवारणीच्या दिवसांत चिखल तुडवत वावरात जाऊन तिथूनच पिकाचे छायाचित्र काढावे लागते, आमच्या नाल्यापलीकडे तर रेंजच येत नाही, आणि सातबाऱ्यावर पेरा, म्हणजे पेरलेल्या पिकाची नोंद, चढला नाही तर हमीभावाने कापूस विकताना अडचण ठरलेली. याला अज्ञान म्हणायचे का?

प्रतिसाद : निवृत्त महसूल कर्मचारी, वर्धा

भाऊ, तुमची विभागणी आकर्षक आहे, पण मला मान्य नाही. पूर्वी पाहणी कशी होत असे हे मी आतून पाहिले आहे. एका सजातल्या, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीतल्या, सगळ्या गावांचे धुरे फिरणे एका तलाठ्याच्या आवाक्यातले नव्हते, त्यामुळे अनेकदा मागच्या वर्षीचाच पेरा पुढे उतरवला जाई. वावरात सोयाबीन आणि सातबाऱ्यावर कपाशी, अशा तक्रारी घेऊन लोक वर्षानुवर्षे खेटे घालत. आता लेखणी तुमच्या हाती आली, तर तुम्ही तिला ओझे म्हणता! पीक विम्यातही २०२५ च्या खरिपाआधी गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीत ७२ तासांच्या आत नुकसान कळवावे लागे. वावरातूनच ते कळवता येणे ही सोय लहान नव्हती. दोन दिवस बसून शिकले तर हे सगळे जमते.

प्रतिसाद : महिला शेतकरी, दर्यापूर तालुका

काका, शिकून काय होते ते सांगते. सातबारा माझ्या नावावर आहे, पण आधारला जोडलेला क्रमांक मुलाचा आहे आणि मुलगा पुण्याला कंपनीत आहे. ओटीपी त्याच्याकडे जातो. तो पाळीवर असला की, मला कळवेपर्यंत वेळ संपलेली असते. अ‍ॅप मला येते. फोन कोणाच्या खिशात आहे, हा माझा प्रश्न आहे.

प्रतिसाद : कृषी सेवा केंद्रचालक, मूर्तिजापूर

मूळ धाग्यात ‘स्वतःहून शोधलेल्या’ माहितीचे जे कौतुक आहे, त्याला माझा आक्षेप आहे. माझ्या काउंटरवर रोज कोणी ना कोणी व्हिडिओ उघडून दाखवतो आणि तीन औषधे एकाच पंपात मिसळून मागतो. तो व्हिडिओ कोणत्या भागातला, कोणत्या पिकाचा, कोणी आणि कशासाठी तयार केला, हे विचारत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर तरी मिश्रणाचा सल्ला कोणाकडून घ्यावा, याचा विचार व्हायला हवा होता. किसान कॉल सेंटर २००४ पासून फुकट आणि मराठीत उत्तर देते, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आहेत, पण त्यांची आठवण माझ्या गिऱ्हाइकांना क्वचितच होते. (मी स्वतः औषधे विकतो, तेव्हा माझ्या सल्ल्याकडेही संशयानेच पाहावे.) मोबाईल चालवता येणे आणि माहिती पारखता येणे यांत बराच फरक आहे.

मूळ धागाकर्ता

पारखण्याचा मुद्दा मी मान्य करतो. भावाचेही तसेच आहे : मोबाईलवर दिसतो तो वरचा भाव, आणि गाडी लावल्यावर कापसातला ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की, हमीभावाचे दारच बंद होते. मात्र काका, लेखणी आमच्या हाती आहे म्हणता, तर ती कोणत्या तारखेपर्यंत चालवायची हे आमच्या कामाचे दिवस पाहून ठरायला नको का? आणि ताईंच्या अडचणीला तुमच्याकडे काय उत्तर आहे?

निवृत्त महसूल कर्मचारी, वर्धा

मुदतीबद्दल तुमचे म्हणणे रास्त आहे. ताईंनी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा क्रमांक जोडून घ्यावा. तालुक्याची एक खेप पुरते.

महिला शेतकरी, दर्यापूर तालुका

दोन खेपा झाल्या, काका. निंदणाने बोटे इतकी झिजली आहेत की, यंत्रावर ठसा उमटत नाही.