मदत हवी आहे – दवाखान्याबद्दल उमेदवाराला नेमकं काय विचारायचं?
मंडळी, 2015 नंतर आत्ता कुठं कोल्हापूर महापालिकेचं मतदान आलंय आणि आमच्या गल्लीत विषय एकच, दवाखाना. परवा रात्री आईला दम लागला म्हणून भागातल्या दवाखान्यात नेलं तर दाराला कुलूप, वॉचमन मफलर गुंडाळून म्हणतोय डॉक्टर सकाळी येतील, शेवटी रिक्षानं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय गाठलं. आता जो तो दारात येऊन सीपीआर सुधारतो म्हणतोय, पण ते राज्य सरकारचं की ओ, मेडिकल कॉलेजला जोडलेलं! नगरसेवकाच्या हातात सावित्रीबाई फुले, पंचगंगा असले पालिकेचे दवाखाने. तर रात्रपाळीचा डॉक्टर मिळवायला ठराव सगळ्या नगरसेवकांच्या महासभेत लागतो का स्थायी समितीत? आणि चार नगरसेवकांच्या प्रभागात जाब कुणाला विचारायचा? जाणकारांनी सांगा, रविवारी कोपरा सभा आहे.