पेट्या गावोगावी जायच्या

‘लोक येत नाहीत, तर संग्रहालयानं ॲप काढावं’ अशी सूचना इथे कुणीतरी केली आहे, ती काही पटली नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा राज्यात, १९१० नंतर, पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यांत पाठवल्या जात. वाचकाची वाट बघत कुणी बसलं नाही.

मागे आईला बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेलं होतं. ममीपाशी दोन मिनिटं, पण देवमाशाच्या सांगाड्यापाशी हलेचना. “मही नदीच्या मुखाशी सापडला? अगं बाई, आमची आत्या तिकडचीच!” मग आत्याच्या गोष्टी, ऐकायला शेजारची चार पोरं. असं बोलणाऱ्यांचं बोलणं टिपून घ्यायला एक माणूस बसवा ना! (एका संस्थेत अभिप्रायाची वही होती, पेन मात्र सुतळीसकट गायब.)