वयात येणाऱ्या भावंडांची भांडणं: आईवडिलांनी मध्ये पडावं का?

काजवा:
‘पोरांची भांडणं पोरांनीच मिटवावीत, मोठ्यांनी मध्ये पडू नये’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. दहा ते सोळा या वयात तो मुलांचं नुकसान करतो, असं माझं ठाम मत आहे. जाणकारांनी ते तपासावं म्हणून हा धागा.

एक प्रसंग बघा. तेरा वर्षांची बहीण फोन चार्ज करतेय. पंधरा वर्षांचा भाऊ म्हणतो, "चार्जर दे." ती म्हणते, "दहा मिनिटं थांब." तो वायर ओढतो. ती किंचाळते. तो तिचा फोन उचलून हात उंच करतो आणि आवाज चढवतो. ती चार्जर उपसून त्याच्या अंगावर फेकते, तो फोन खाली ठेवतो, घर शांत. अर्ध्या मिनिटाचा मामला. पण भावाला कळलं की आवाज चढवला की वस्तू हातात येते. बहिणीला कळलं की माघार घेतली की त्रास थांबतो. शेजारच्या खोलीतल्या आईवडिलांना कळलं की कान बंद ठेवले की प्रकरण आपोआप निवतं. तिघांनाही लगेच फळ मिळालं, म्हणून उद्या तिघंही हेच करणार, आणि उद्याचा आवाज आजच्यापेक्षा एक पट्टी वर असणार. अमेरिकेत ऑरेगनला जेराल्ड पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन अशा चकमकींच्या बारीक नोंदी केल्या आणि त्यातून जबरदस्तीच्या साखळीचा सिद्धांत मांडला. त्यात भावंड हे आक्रमकपणाची तालीम देणारं जोडीदार आहे. घरी पक्की झालेली रीत मूल वर्गात नेतं, पुढे मैत्रीतही नेतं.

मध्ये पडायचं म्हणजे निकाल द्यायचा नाही. कॅनडात हिल्डी रॉस यांच्या गटाने पालकांना मध्यस्थी शिकवून पाहिली. पायऱ्या चार. आधी बोलण्याचे नियम ठरवायचे: एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, शिव्या नाहीत, हात उचलायचा नाही. मग वाद नेमका कशावरून आहे ते दोघांकडून वदवून घ्यायचं. तिसऱ्या पायरीवर प्रत्येकाने दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, समोरचा "हो, हेच म्हणायचं होतं" म्हणेपर्यंत. शेवटी तोडगा त्यांनीच काढायचा. फसतं ते तिसऱ्या पायरीपाशी. घाईतला पालक ती गाळतो आणि थेट तोडगा सुचवतो. मग तो तोडगा पालकाचा होतो आणि मुलं तो पाळत नाहीत.

तळटीप:
भावंडांच्या भांडणावर इतका भार टाकण्याआधी जुळ्यांचे अभ्यास बघावे लागतील. त्यांत एकरूप आणि भिन्न जुळ्यांची तुलना करून जनुकांचा वाटा आणि वातावरणाचा वाटा वेगळे काढतात. २०१५ साली त्या सगळ्यांचा एकत्र आढावा निघाला: सुमारे १ कोटी ४५ लाख जुळ्या जोड्या, १७,८०४ गुणवैशिष्ट्यं. माणसामाणसांतल्या फरकात आनुवंशिकतेचा सरासरी वाटा ४९ टक्के. स्वभावापुरतं बोलायचं तर एकाच घरात वाढल्यामुळे येणारं साम्य मोठेपणी जवळपास शून्यावर येतं. एकाच घरात वाढलेली दत्तक भावंडं मोठेपणी स्वभावाने एकमेकांसारखी निघत नाहीत.

तुमच्या प्रसंगातला मुलगा चिडका आहे. कदाचित त्याचे वडीलही चिडके आहेत, आणि दोघांत निम्मी जनुकं समान आहेत. मग ती ‘साखळी’ शिकवण आहे की वारसा? नुसती नोंद करून हे वेगळं काढता येत नाही.

या वयात खरं वजन समवयस्कांचं. जुडिथ रिच हॅरिस यांनी १९९५ मध्ये हे मांडलं, पुढे त्यावर मोठा गदारोळ झाला, पण मुद्दा टिकला. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. एकट्याने खेळताना १३ ते १६ वर्षांची मुलं मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. सोबत दोस्त असले की त्यांनी जास्त धोका पत्करला.

आणि ‘थोरला जबाबदार, मधला दुर्लक्षित, शेंडेफळ लाडावलेलं’ हे तर सोडूनच द्या. २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी मिळून २०,००० हून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. बहिर्मुखता, सौजन्य, शिस्त, भावनिक स्थैर्य यांपैकी कशावरही जन्मक्रमाचा मागमूस नव्हता.

सांजवारा:
तळटीप, जन्मक्रमाबद्दल पूर्ण सहमत. बाकी ठिकाणी तुम्ही एक शब्द निसटू दिलात. जुळ्यांच्या अभ्यासात ‘सामायिक वातावरण’ म्हणजे घर नव्हे. भावंडांना एकमेकांसारखं करणारं जे काही असेल, ते सामायिक. घरातल्याच ज्या गोष्टी त्यांना वेगळं करतात, त्या ‘असामायिक’ रकान्यात जातात. चार्जरच्या प्रसंगात भाऊ एक शिकला आणि बहीण बरोबर उलटं शिकली. घर तेच, वेळ तीच, आणि तुमच्या गणितात मात्र ‘घराचा वाटा शून्य’. १९८७ मध्ये प्लोमिन आणि डॅनियल्स यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता: एकाच घरातली मुलं इतकी वेगळी का निघतात?

भावंडं मुद्दाम वेगळी होतात, तेही धरा. थोरली अभ्यासात पुढे असेल तर पाठचा मुलगा खेळात शिरतो, कारण तिथे तुलना होत नाही. हा वेगळेपणा भावंडामुळेच आला, तरी आकडेवारीत तो भावंडाच्या विरोधात मोजला जातो.

तळटीप:
रकान्याचा मुद्दा मान्य. पण त्या रकान्यात कुटुंबाला शोधायला लोक गेले, तेव्हा हाती काय लागलं? २००० साली टर्कहायमर आणि वॉल्ड्रन यांनी असे अभ्यास गोळा केले. पालकांच्या वेगळ्या वागणुकीतून मुलांमधल्या फरकाचा जेमतेम २ टक्के भाग समजत होता, भावंडांच्या आपसातल्या वागण्यातूनही तेवढाच. समवयस्कांच्या बाबतीत ५ टक्के.

सांजवारा:
ती सरासरी सगळ्या घरांची आहे. बहुतेक घरांत धुसफूस असते, छळ नसतो, म्हणून सरासरी लहान येते. टोकाला बघा. ब्रिटनमध्ये मुलांच्या एका मोठ्या गटाचा जन्मापासून माग ठेवलेला आहे. २०१४ मध्ये त्यातून निष्कर्ष आले. बाराव्या वर्षी ज्यांना भावंडाकडून आठवड्यातून अनेकदा छळ सोसावा लागत होता, त्यांच्यात अठराव्या वर्षी नैराश्य १२.३ टक्के, ज्यांना अजिबात नव्हता त्यांच्यात ६.४ टक्के. स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाणही साधारण दुप्पट. घरची परिस्थिती आणि शाळेतला त्रास हिशेबात धरूनही हा संबंध पुसला गेला नाही. यात जनुकांचा वाटा किती, हे इथेही पूर्ण सुटत नाही, हे मी मान्य करते. पण आठवड्यातून अनेकदा मार खाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाच्या पालकाला आपण ‘२ टक्के’ सांगून परत पाठवायचं का?

उंबरठा:
जनुकांचा वाद बाजूला ठेवते. माझा आक्षेप काजवांच्या उपायावर आहे. रॉस यांच्या गटाचं ते प्रशिक्षण ५ ते १० वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी होतं. ते तसंच उचलून पंधरा वर्षांच्या मुलाला लावता येत नाही. २००० साली मॅकहेल आणि सहकाऱ्यांनी वयात येणाऱ्या भावंडांच्या घरांत बघितलं. जिथे पालक भांडणात उतरून ते थांबवत होते, तिथे भावंडांचं नातं जास्त बिघडलेलं होतं. जिथे बाजूला राहत होते, तिथे बरं होतं.

दुसरं, सगळी भांडणं एका मापाची नसतात. निकोल कॅम्पिओन-बार यांच्या अभ्यासांत दोन जाती वेगळ्या काढल्या आहेत. एक हद्दीची: न विचारता कपडे घातले, खोलीत शिरले, फोनमधलं वाचलं. दुसरी वाटणीची: कामं कुणाला जास्त, पाळी कुणाची, कुणाला उशिरापर्यंत बाहेर राहू दिलं. २०१३ च्या अभ्यासात वर्षभराने परिणाम तपासले. हद्दीची भांडणं जास्त असलेल्या मुलांमध्ये चिंता जास्त आणि स्वतःबद्दलचं मत खालावलेलं. वाटणीची भांडणं जास्त, तिथे मन उदास. दुखणं वेगळं, तर औषधही वेगळं हवं.

हद्दीच्या भांडणात चौघांनी बसून समजूत काढायचं कामच नाही. तिथे आधी ठरवलेला नियम लागतो. चौदा वर्षांच्या मुलीला डायरी वाचणाऱ्या भावाची ‘बाजू’ समजून घ्यायला लावणं म्हणजे तिच्या हद्दीवर दुसऱ्यांदा पाय ठेवणं. तुमची तिसरी पायरी इथे उलट काम करते. वाटणीच्या भांडणात तर पालक मध्यस्थ होऊच शकत नाहीत. वाटणी त्यांनीच केलेली असते, ते स्वतः एक पक्ष असतात.

काजवा:
डायरीचा मुद्दा मला लागला, आणि तो बरोबर आहे. हद्दीच्या भांडणातून तिसरी पायरी काढून टाकतो.

मॅकहेल यांच्या निष्कर्षावर मात्र अडतो. जिथे आग जास्त तिथेच बंब जास्त जातात. नातं बिघडलेलं म्हणून पालक उतरले, की पालक उतरले म्हणून नातं बिघडलं? शिवाय त्या अभ्यासात भांडण थांबवणं वेगळं आणि मुलांना सोडवायला शिकवणं वेगळं मोजलं होतं. ‘मध्ये पडणं’ म्हणून तुम्ही दोन्ही एका पोत्यात भरू नका.

चौदा-पंधराच्या वयासाठी मी पायऱ्या अशा बदलेन. ऐन भांडणात फक्त दोघांना वेगळं करायचं, तेही अंगावर जायची वेळ आली तरच. किमान अर्धा तास कुणाशीही त्यावर बोलायचं नाही. तापलेल्या डोक्याने दिलेली कबुली टिकत नाही. मग प्रत्येकाशी वेगळं, दहा मिनिटं, आणि एकच प्रश्न: "पुढच्या वेळी वेगळं काय व्हायला हवं?" "कुणी सुरू केलं?" हा प्रश्न पूर्ण बंद, कारण त्यावर दोघंही वकील होतात. दोघांना एकत्र बसवायचं ते दुसऱ्या दिवशी, आणि वाद वस्तूचा किंवा वेळेचा असेल तरच.

पालक बाजूला राहिले तर त्यांना घरात काय चाललंय ते कळणार कसं, हा प्रश्न उरतोच. स्टॅटिन आणि केर यांनी २००० साली स्वीडनमधल्या ७०३ चौदा वर्षीय मुलांच्या घरांत बघितलं: पालकांना जे कळतं ते मुख्यतः मूल आपणहून सांगतं म्हणून, पाळत ठेवल्यामुळे नव्हे. आणि मूल सांगतं ते एकटं असताना. लार्सन आणि रिचर्ड्स यांच्या अभ्यासात पाचवी ते बारावीच्या दरम्यान कुटुंबासोबतचा वेळ जागेपणाच्या ३५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आला, पण आईशी किंवा वडिलांशी एकट्याने घालवलेला वेळ घटला नाही. मुलं ती जागा सोडत नाहीत. दोघा भावंडांना कायम एकत्रच घेऊन फिरणारे पालक तीच हिरावून घेतात.

सांजवारा:
उंबरठा म्हणतात ते वाटणीचं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘आम्ही मुलांत डावंउजवं करत नाही’ असं प्रत्येक पालक म्हणतो आणि प्रत्येक घरात ते होतं. व्हायलाही हवं, अकरा आणि सोळाला एक नियम लावणं हाच अन्याय. कोवाल आणि क्रेमर यांनी १९९७ मध्ये ११ ते १३ वर्षांच्या मुलांना विचारलं, तेव्हा वेगळी वागणूक दिसलेल्या बहुतेक वेळी मुलांनी ती अन्यायाची मानली नाही. कारण समजलं की मूल फरक पचवतं.

कारण सांगायचं म्हणजे गरजेवर बोट ठेवायचं, गुणावर नाही. "तिची परीक्षा तीन आठवड्यांवर आहे, म्हणून तिची भांडी तोवर तुझ्याकडे, नंतर तीन आठवडे तुझी तिच्याकडे" हे चालतं. "ती मन लावून करते, तुझं लक्षच नसतं" हे ऐकलं की मुलगा भांडी घासेल, पण बहिणीशी बोलणं तोडेल. मुदत न सांगितलेली सवलतही अशीच सडते.

दुसरी चूक ‘तू मोठी आहेस ना, मग तू समजून घे’. काम सोपवणं चांगलं. धाकट्याला शाळेतून आणणं, तासभर अभ्यासाला बसवणं यातून थोरलीला आपण उपयोगी पडतो हे कळतं. बिघडतं ते जबाबदारी दिली पण अधिकार दिला नाही तेव्हा. धाकटा ऐकत नाही, तिने आवाज चढवला तर बोलणी तिलाच. त्याहून वाईट म्हणजे आईवडिलांच्या आपसातल्या कुरबुरी तिच्या कानावर घालून तिला सल्लागार करणं. ती मुलगी बाहेरून फार शहाणी दिसते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

तळटीप:
व्हाइटमन आणि सहकाऱ्यांचा २००३ चा अभ्यास इथे बसतो, आणि तो माझ्या बाजूचा नाही, तरी सांगतो. दुसरं मूल वयात येताना पालकांचे त्याच्याशी खटके पहिल्यापेक्षा कमी उडत होते आणि त्याच्या दिवसाची त्यांना जास्त माहिती होती. एवढं मी मानतो की पालक पहिल्यावर शिकतात. त्याने दुसऱ्याचा स्वभाव बदलतो, हे मात्र अजून सिद्ध व्हायचं आहे.

उंबरठा:
स्वभाव न बदलता घरातली चार वर्षं सुसह्य झाली, तरी मला तेवढं पुरे आहे.

काजवा, तुमच्या बदललेल्या पायऱ्यांशी माझं आता फार भांडण नाही. फक्त छळ आणि भांडण यांतली रेघ तुम्ही आखलीच नाहीत, आणि ‘अंगावर जायची वेळ आली तरच’ या अटीत निम्मा छळ निसटतो. टोपणनाव, मित्रांसमोर केलेली नक्कल, वजनावरून रोजचा टोमणा यांत हात कुठेच उचललेला नसतो. बघायचं ते इतकंच: पाळी बदलते का? भांडणात आज हा जिंकतो, उद्या ती. छळात हरणारं मूल ठरलेलं असतं. ते भावंड घरात असताना खोलीतून बाहेर येत नाही आणि विचारलं तर "काही नाही" म्हणतं. तिथे अर्धा तासही थांबायचं नाही, आणि दोघांना समोरासमोर तर कधीच बसवायचं नाही. दुबळ्या मुलाला त्या बैठकीत बोललेल्या प्रत्येक शब्दाची किंमत रात्री दार लागल्यावर मोजावी लागते.